अर्धा श्वास आधी

आते चिमटा काढायची तो डाव्या मांडीला, गुडघ्याच्या चार बोटं वर, आणि दर वेळी त्याच जागी. तिथलं कातडं काळं पडलं, मग निबर झालं, मग तिथे काही लागेनासं झालं. तेव्हा तिने उजवी मांडी धरली. कलेसाठी सोसावंच लागतं, असं आता टेपरेकॉर्डर घेऊन येणाऱ्या शिकलेल्या बाया मला ऐकवतात. मी त्यांना चहा देते आणि मनात म्हणते, बायांनो, जरा मांडी पुढे करा, मग बोलू.

ही आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन विशीत तिचा नवरा गेला. सासर शहाडकडचं. वर्षाच्या आत सासरच्यांनी तिला एका पत्र्याच्या पेटीसकट माहेरी, मोरिवलीला आणून सोडलं आणि पुन्हा कधी न्यायला आले नाहीत. गावातल्या जुन्या धवलारणीच्या मागे बसून बसून तिने धवले, म्हणजे लग्नातली गाणी, उचलले आणि ती म्हातारी गेल्यावर गावची धवलारीण झाली. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण उशिरा आलेली चालत नाही. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचं गाणं लागतं, आणि तिचं गाणं संपल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही.

या सगळ्या गाण्यांत एक गाणं आते दुसऱ्या कुणाला शिवू देत नसे. आमच्या गावात त्याला नुसतं ‘हाक’ म्हणायचे. बाकीच्या गावांत काय रीत आहे ती मला माहीत नाही. मांडवाच्या दिवशी दुपारी, मेढीला, म्हणजे मांडवाच्या मुख्य खांबाला, हळदकुंकू लागलं की धवलारीण मेढीकडे तोंड करून बसते आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसांना लग्नाला बोलावते. एकेकाला, नाव घेऊन. ओळीचा साचा एकच: आवाज वर न्यायचा, नाव ठेवायचं, बसायला पाट द्यायचा आणि खाली यायचं. क्रम वयाचा, मरणाचा नाही. घरात आलेल्या सुनांना बोलवायचं, घरातून दिलेल्या मुलींना नाही, कारण त्यांना सासरच्या मांडवात बोलावणं असतं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की मेलेला राहिला तर तो रुसतो, आणि जित्याला बोलावलं तर तो जातो.

म्हणजे गावातल्या साठ-सत्तर घरांचे चार पिढ्यांचे मेलेले, वयाच्या क्रमाने, डोक्यात हवेत. कागद नाही. आतेला लिहिता येत नव्हतं आणि मला येत होतं हा तिला माझा दोष वाटे. मी इथे कुणाचंही नाव लिहिणार नाही. नाव घेणं म्हणजे काय ते मी शिकून बसले आहे.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं आणि मी अकरा वर्षांची होते. शेजारच्या घरी मांडव होता, आते हाक देत होती आणि मी खांबाला टेकून तिच्याबरोबर ओठ हलवत होते. तिने गाता गाता वळून पाहिलं. तेवढंच. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या वडिलांना सांगितलं की ही पोर माझी. वडील कंपनीच्या फाटकावर वॉचमन होते. ती कंपनी आमच्याच भाताच्या शेतावर उभी होती. जमीन गेली, शिट्टी आणि टोपी मिळाली. थोरल्या बहिणीसमोर त्यांनी जन्मात तोंड उघडलं नव्हतं, तेव्हाही उघडलं नाही.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. मास्तर घरी आले होते. पोरगी हुशार आहे, अंबरनाथ पश्चिमेच्या हायस्कुलात घाला, मी स्वतः नाव घालून देतो, असं म्हणाले. आतेने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, “मास्तर, तुमीच शिकवता ना पोरांना, एक ना धड भाराभर चिंध्या? मंग? हिला एकच काम हाय.” मास्तर हसले. हरलेला माणूस हसतो तसे. माझ्या वर्गातल्या दोघी जून महिन्यापासून निळे स्कर्ट घालून रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला जाऊ लागल्या आणि मी चिंचोके मांडायला बसले.

चिंचोके असे: पुरुषाला मोठा, बाईला लहान, एका घराची एक ओळ. खळ्यावर सकाळी सहाच्या आधी बसायचं. आते ओळ मांडायची आणि मी एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून हाक द्यायची. मग ती मधला एखादा उचलायची. कोण उठलं ते सांगायचं आणि त्याच्याशिवाय पुन्हा म्हणायचं. मग सगळे चिंचोके पदरात भरून न्यायची आणि मोकळ्या जमिनीकडे बघून म्हणायचं. सकाळच्या त्या वेळी कारखान्यांचा वास सगळ्या गावावर बसलेला असे. घशात तुरटीसारखं काहीतरी चढायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. खोकले की पहिल्यापासून. एकदा एकाच घराची हाक मी अकरा वेळा पहिल्यापासून म्हटली आणि बाराव्या वेळी ओकले. तिने राख टाकली आणि बोटं झटकली. बोटं झटकणं म्हणजे ‘परत’.

बाकी सगळ्याला बंदी होती. रेडिओ नाही, सिनेमाचं गाणं नाही, शाळेतली कविता गुणगुणणं नाही. धवल्यांतली बाकीची गाणीसुद्धा तिने मला आठ वर्षं शिकवली नाहीत. फक्त हाक. आईने एकदा मला तांदळाची भाकरी थापायला बसवलं तर आतेने परात उचलून पडवीत ठेवली आणि आईला म्हणाली की दुसरा काही हिच्या हाताला लावू नको. आईनेही ऐकलं. आजही माझी भाकरी एका बाजूला जाड होते. लोकांना ते थोर वाटतं, की बाईंनी एका गोष्टीपायी सगळं सोडलं. मी काही सोडलं नव्हतं. माझ्याकडून काढून घेतलं होतं.

लग्नांत ती मला आपल्या मागे बसवायची. हाक चालू असताना मध्येच गप्प व्हायची आणि हात मागे करायची. त्याच श्वासाला मी ओळ उचलायची. भरल्या मांडवात. पंधरा वर्षांची असताना एका घराची हाक देताना माझ्याकडून एक सून राहिली. विहिरीत गेलेली, तिशीच्या आतली. तिचं नाव सुटलं आणि मी पुढच्याला पाट दिला. आतेने मला तिथल्या तिथे थांबवलं, उभी राहिली आणि मांडवाला सांगितलं की हिने तुमची सून उपाशी ठेवली. मेलीची लहान मुलगी तिथेच परकर सावरून बसली होती. तिला काही कळलं असेल-नसेल, पण ती रडायला लागली.

शिक्षा अशी, की सात दिवस रोज सकाळी त्या घराच्या दारात उभं राहायचं आणि त्या एकाच बाईची एकच ओळ गायची. आते माझ्या मागे उभी. पाचव्या दिवशी त्या बाईचा नवरा बाहेर आला. हात जोडून म्हणाला की आते, बस झालं, मला ऐकवत नाही. आतेने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघून बोटं झटकली. मी परत गायले. तो उंबऱ्यात बसून राहिला. त्या सात दिवसांत माझा आवाज चांगला लागला हे मला कळत होतं. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट तीच आहे.

खोटं कशाला बोलू, पुढे मला ते आवडू लागलं. सतरा-अठराव्या वर्षी मी चुकत नव्हते. मेढीसमोर बसले की बाया, बँड, भांड्यांचा आवाज, सगळं मागे जायचं आणि एका घराची माणसं रांगेने उभी राहायची. मी त्यांना एकेक करून बसवायची. म्हाताऱ्या बाया डोळे पुसायच्या. मला ते हवं असायचं. आतेकडून मात्र एकदाही ‘बरं’ असा शब्द आला नाही. चूक नसली की ती तोंड फिरवायची, आणि मी तेच बक्षीस समजायची. कुत्र्याला लाथ मारणं थांबवलं की त्याला माया वाटते, त्यातला प्रकार.

मग बदलापूरकडून मला स्थळ आलं. मुलगा तिथल्या एका कारखान्यात लेथवर होता. बघायला आला तेव्हा त्याने फार काही विचारलं नाही. जाताना पडवीत मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तेव्हा म्हणाला, “आमच्या गावात धवलारीण दुसरी आहे. तुला तिथे गायला लागणार नाही.” त्याला वाटलं मला वाईट वाटेल, म्हणून आधी सांगत होता. मला काय झालं ते मी कसं सांगू. त्या गावातलं एकही मेलेलं माणूस मला माहीत नव्हतं. मी तिथे जाणार होते, भाकऱ्या भाजणार होते, त्या वाकड्या होणार होत्या, आणि रात्री झोपताना डोक्यात कुणाची रांग उभी राहणार नव्हती. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मागत होते, की हे लग्न होऊ दे.

आतेने या लग्नाला आडकाठी केली नाही. सुपारी फुटली तेव्हाही नाही. आई आणि धाकटी काकू शालू घ्यायला उल्हासनगरला गेल्या, मला बरोबर नेलं. सिंधी शेठने गादीवर शालूंचा ढीग केला आणि लाल काढला, “बेबी पे ये जचेगा.” आईने घासाघीस करून शेवटी लालच घेतला. आतेला दाखवला. तिने पदर उलटा करून विणकर जसं बघतो तसं बघितलं आणि घडी घालून परत दिला. चिमटे बंद झाले. सकाळचं खळंही बंद झालं. मला वाटलं, म्हातारीने सोडलं मला. त्या महिनाभरात मी तिला दोनदा डोक्याला तेल लावून दिलं. माया नव्हे, पण सुटणाऱ्या कैद्याला जेलरबद्दल जे वाटत असेल ते.

मांडवाच्या दिवशी दुपारी मेढीला हळदकुंकू लागलं. बदलापूरहून त्यांच्या पाच बाया उष्टी हळद घेऊन आल्या होत्या, त्यांना पुढे सतरंजीवर बसवलं होतं. मी पाटावर, पिवळी नेसून. हाक आतेच देणार होती, नवरीने स्वतःच्या मांडवात हाक द्यायची नसते. पणजोबा, पणजी. आजोबा, आजी. लहानपणी गेलेल्यांना बोलवत नाहीत, म्हणून मग मोठेपणी गेलेले थोरले काका, त्यांची पहिली बायको. आमच्या घराची यादी तिथे संपते. मी डोळे मिटून बसले होते आणि आतेच्या श्वासाबरोबर माझा श्वास आपोआप चालला होता. त्या थोरल्या काकूला पाट दिला. आता खाली यायचं.

ती खाली आली नाही. तिने पुन्हा आवाज वर नेला आणि माझं नाव घेतलं. मला पाट दिला, आणि मग खाली आली.

मग आतेने दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. “चुकला गो माजा. चुकला.” बाया धावल्या. कुणी तिला पाणी दिलं, कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हातारीचं वय झालं, भाचीच्या ओढीने जिभेवर तिचंच नाव आलं, देव बघून घेईल. चाळीस वर्षांत जी एकदा चुकली नाही तिची एक चूक गावाने लगेच पोटात घातली.

मला मात्र माहीत होतं. माझं नाव लांब आहे. हाकेच्या साच्यात ते नेहमीच्या जागी उचललं तर बसत नाही, शेवट तुटतो. ते बसवायचं तर ओळ अर्धा श्वास आधी उचलावी लागते, आणि त्यासाठी मागच्या ओळीचा पाट आखडून द्यावा लागतो. काकूचा पाट आतेने आखडून दिला होता. म्हणजे काकूच्या ओळीत असतानाच पुढे कोण येणार ते तिला ठाऊक होतं. जिभेवर चुकून आलेलं नाव असं बसत नाही. ते बसवावं लागतं, आधी चार वेळा म्हणून बघावं लागतं. ही गोष्ट त्या मांडवात दोनच माणसांना कळण्यासारखी होती. एक ती आणि एक मी, आणि मला ते कळावं एवढं तिनेच मला शिकवलं होतं.

बदलापूरच्या बाया हळदीचं ताट तसंच ठेवून उठल्या. संध्याकाळी त्यांच्याकडचे दोन पुरुष आले, चांगलं बोलले, पण म्हणाले की मेलेल्यांत बसवलेली मुलगी आम्ही घरात कशी घेऊ. मुलगा आला नाही. त्याचं पुढच्याच महिन्यात दुसरीकडे झालं असं कळलं. आई शालू परत करायला उल्हासनगरला गेली. शेठ म्हणाला, पैसे परत नाही, माल बदलून घ्या. आई सहा चादरी घेऊन आली. त्यातल्या एकीवर मी आठ वर्षं झोपले.

मी आतेला विचारलं. पाटा-वरवंट्यावर मिरची वाटत बसली होती. का केलंस, म्हटलं. “चुकला,” ती म्हणाली. मी म्हटलं, काकूचा पाट आखडून दिलास. तिचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी पसरलं. मला ते तेव्हा ओळखता आलं नाही. ती खूश झाली होती. मी ते ऐकलं म्हणून खूश झाली होती. त्या क्षणी वरवंटा माझ्या हातात असता तर आज मी हे लिहीत नसते.

पुन्हा स्थळ आलं नाही. मी हाक देत राहिले, दुसरं मला काही येत नव्हतं. बाकीचे धवले तिने तेव्हा शिकवले, भराभर, कारण आता मी कुठे जाणार नव्हते. पाच-सहा वर्षांनी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही लुळं पडलं, शब्द अर्धे अर्धे येत. मी धवलारीण झाले आणि घरी तिचं हगणं-मुतणंही माझ्याकडे आलं. आई म्हणायची, तुझी गुरू आहे. मी म्हणायची, हो.

त्याच साली धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तारीख निघाली त्या दिवसापासून मी एकच ओळ बसवत होते. तिचं नाव लहान आहे, दोन अक्षरी, त्याला काही आखडावं लागत नाही. तरी मी महिनाभर नदीकडे जाऊन म्हणत होते. मला ते स्वच्छ हवं होतं. चूक झाली असं कुणालाही वाटलं तरी तिला वाटता कामा नये.

मांडवाच्या दुपारी तिची खाट मेढीच्या उजव्या हाताला आणून ठेवली होती. भावाने माईक लावला होता, भोंगे तळ्यापर्यंत होते. मी बसले. पणजोबा, पणजी, आजोबा, आजी, काका, काकू. मध्यंतरी माझे वडील गेले होते, त्यांना बसवलं. मग आवाज वर नेला आणि तिचं नाव घेतलं, तिच्याकडे बघून. जित्याला बोलावलं तर तो जातो. जा, असं मी मनात म्हणत होते. इतकं मनापासून मी आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही, बदलापूरसुद्धा नाही.

बायांनी तोंडाला पदर लावले. आई उठून उभी राहिली. मी माईकवरच म्हटलं, “चुकलं.”

आते रडत होती. वाकड्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती रडत होती, आणि मला क्षणभर असं सुख झालं की मी मेढ धरून बसले. मग तिने डावा हात वर केला आणि बोटं झटकली.

परत.

तिने पुन्हा बोटं झटकली, आणि मग एक बोट माझ्या वडिलांच्या जागेच्या आधी, काकूच्या मागे, हवेत टेकवलं. खळ्यावर चिंचोका सरकवायची तसं. वडिलांची ती थोरली बहीण. वयाचा क्रम. मी तिला शेवटी घातलं होतं, तिची जागा वडिलांच्या आधी होती. पंधरा वर्षांची सवय अशी हाडात बसलेली, की बोटं झटकलेली दिसली आणि मी विचार न करता काकूपासून ओळ उचलली. काकू, मग ती, मग माझे वडील. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, दुसऱ्यांदा. तिने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पेज भरवत होते. ती अर्ध्या अर्ध्या शब्दांत बोलली, आणि मी ते इथे जोडून लिहिते. “सासरची घेनार नाय माजा नाव. माहेरची बी घेनार नाय. तू गेली असतीस त कोनी घेतला असता? काल घेतलास. माज्या कानांनी आयकला.” मग थोडी पेज गिळून म्हणाली, “ब-रा झाला.”

बरं झालं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. माझं लग्न मोडायला तिने जे केलं ते यासाठी, की ती मेल्यावर कुणीतरी तिला मांडवात पाट द्यावा. आणि मी तिला मारायला निघाले होते आणि तिला हवं होतं तेच हातात ठेवून बसले होते, वर तिने क्रमही दुरुस्त करून घेतला होता. उरलेली पेज मी कोंबड्यांना टाकली.

ती गेली नाही. चार वर्षं जगली. रोज दुपारी मला म्हणायची, माजी ओल बोल. मी घरची हाक म्हणायची, पणजोबांपासून, चांगल्या आवाजात, आणि काकूवरून सरळ वडिलांवर जायची. तिची बोटं झटकत राहायची. मी ताट उचलून जायची. एकदा तिने माझा पदर धरला आणि सोडेना, तर मी तिची बोटं एकेक करून सोडवली. कुणी म्हणेल म्हाताऱ्या आजारी बाईशी असं वागू नये. नये तर नये.

नव्वदचं दशक सरताना ती गेली. तिच्या दिवसांना सगळा गाव आला, कारण गावातल्या प्रत्येक घराचे मेलेले तिने जपले होते. वर्ष सरल्यावर चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं, आमच्याच अंगणात मांडव. मेढीला हळदकुंकू लागलं, मी पाटावर बसले, तेव्हा भावाने सगळ्यांसमोर विचारलं की ताई, आतेचं नाव घ्यायचं ना? म्हातारे सगळे माझ्याकडे बघत होते. एकजण म्हणाला, तिच्यासाठी रीत जरा बाजूला ठेवली तरी कुणी काही बोलणार नाही. त्या मांडवात एकही माणूस असा नव्हता ज्याला ती नको होती. सगळं माझ्या एका ‘हो’वर होतं.

“माहेरवाशिणीचं घेत नाहीत,” मी म्हटलं. “दिलेली मुलगी सासरची. तिनेच मला तसं शिकवलंय.”

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, धवलारीण म्हणते म्हणजे तसंच असणार. मी आवाज वर नेला. पणजोबा, पणजी, आजोबा, आजी, काका, काकू, आणि वडील. त्या दुपारची हाक मी आयुष्यात दिलेल्या सगळ्या हाकांत उत्तम झाली असं गावात अजून म्हणतात, आणि ते खरं आहे.